पहिल्या हाकेला ओ देऊ नये

शुभा, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, म्हणून अवीला फोन आला होता. तो हो म्हणाला आणि फोन ठेवला. तो काही लिहिणार नाही हे मला तेव्हाच कळलं. लिहायला आधी तोंडातून शब्द फुटावा लागतो. म्हणून मी लिहितोय. चौथी शिकलेला, गिरणीत लोकांचं पीठ दळून म्हातारा झालेला तुझा सासरा. मंडळातल्या बाईंनी मला समजावलं की आजोबा, जन्म कुठला, शिक्षण काय, युनिव्हर्सिटीत हुद्दा कोणता, असं क्रमाने लिहा. मी म्हटलं, ते तुम्हाला एवढं पाठ आहे तर तुम्हीच लिहा. मला जे माहीत आहे ते मी लिहीन.

आधीच एक सांगून ठेवतो. तिकडे टांझानियात लोक दुसऱ्याच्या दारात उभं राहून जो शब्द म्हणतात, तो मी इथे लिहिणार नाही. बाकी सगळं लिहीन. तो शब्द लिहिला की कानात वाजतो, आणि सध्या दुपारचा मी एकटाच घरात असतो.

ती रीत तूच मला सांगितली होतीस. तळ्याकाठच्या त्या खेड्यांत दाराला कडी वाजवत नाहीत. अंगणाच्या कडेला उभं राहायचं, तो शब्द मोठ्याने म्हणायचा, आतून 'करिबू' असं आलं, म्हणजे 'या' असं आलं, की मगच पाऊल पुढे टाकायचं. नाही आलं तर पुन्हा म्हणायचं. तीनदा म्हणूनही आतून कोणी बोललं नाही, तर रागवायचं नाही, वाकून बघायचं नाही, मुकाट परत फिरायचं. तुला हे फार आवडलं होतं. इतकं की दरवर्षी तिकडून परत आलीस की लंडनच्या या घरातही तू बेल वाजवायची नाहीस. (हे लंडन कॅनडातलं, राणीचं नव्हे. गावाकडच्यांना हे सांगून मी थकलो.) बॅगा ड्राइव्हवेवर ठेवायचीस, नाक लाल झालेलं, आणि बाहेरून साद घालायचीस. मी आत सोफ्यावर बसून गप्प.

"बाबा, ऐकू आलं ना?"

"आलं."

"मग ओ द्या की."

"पहिल्या हाकेला ओ देऊ नये."

हाकामारीचं मी तुला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. माझ्या आईने मला सांगितलं, तसंच्या तसं. ती ओळखीच्या माणसाचा आवाज घेऊन दारात येते आणि एकदाच हाक मारते. ज्याने ओ दिली तो तिच्यामागून निघाला. म्हणून थांबायचं. जिवंत माणसाला गरज असते, ते दुसऱ्यांदा हाक मारतं. तिला गरज नसते.

तू म्हणालीस, "मायनस ट्वेंटीत इथे कुठली हाकामारी येते बाबा? तिचा आवाज गोठेल."

मी म्हटलं, "थंडीतच येते. रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तिला बरंच आहे."

"तुमच्या साताऱ्याकडच्या भुतांना दम नाही. एकदा हाक मारली की झालं. आमच्या नागपूरची असती तर घरात येऊन चहा पिऊन, वर काय भाजी केली ते विचारून गेली असती."

पण नियम मी सोडला नाही. तूही सोडला नाहीस. दरवर्षी तू तीनदा हाक मारायचीस आणि तिसरीला मी म्हणायचो, ये बाई, ये. अवी मधल्यामधे म्हणायचा, "यू बोथ आर क्रेझी," आणि जाऊन बॅगा आत आणायचा.

तुझं काम मला कळायला दोन हिवाळे लागले. मी आपला समजायचो, तू डॉक्टर नाहीस तर तिकडे आजारी माणसांत करतेस काय? मग एकदा वांगी चिरताना तू सांगितलंस. त्या मुलखात बहुतेक माणसं घरातच मरतात. डॉक्टर येत नाही, कागद होत नाही. माणूस कशाने गेला हे सरकारलाही माहीत नसतं आणि दवाखान्यालाही. म्हणून तुमच्या प्रोजेक्टच्या बाया घराघरांवर निळ्या रंगाने नंबर घालतात आणि दर काही महिन्यांनी फेरी मारतात. कोण जन्मलं, कोण नांदायला आलं, कोण गेलं. गेलं असेल तर दुखवटा सरेपर्यंत थांबायचं आणि मग तुमची एक बाई जाऊन त्या घरात बसणार. आधी काही विचारायचं नाही. फक्त म्हणायचं, सांगा, काय झालं. घरचं माणूस सांगेल तसं ऐकायचं, मधे तोडायचं नाही. ते संपलं की मग ताप होता का, धाप होती का, किती दिवस अन्न गेलं नाही, असे प्रश्न. तिकडचे डॉक्टर ते वाचून ठरवणार, हा माणूस कशाने गेला. तुझं स्वतःचं काम त्याच्याही पुढचं होतं. असं विचारल्याने घरच्यांना त्रास होतो की बरं वाटतं, हे तू बघत होतीस.

मी चाकू खाली ठेवला होता. म्हटलं, "मेलेल्याचं नाव घेऊन त्याच्या दारात चौकशी करता? तो निघालेला असला तरी मागे वळेल."

"विचारलं नाही तर तो गेला कशाने, हे कसं कळणार बाबा?"

"कळून काय करायचंय? गेला तो गेला."

"त्याच्या शेजारचं पोर त्याच दुखण्याने जायला नको म्हणून."

हे बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच मी मान्य केलं नाही.

एक गोष्ट तू सांगितलीस ती मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. एका घरातली सगळी माणसं संपली होती. कोणी वारलं, कोणी शहरात गेलं. छपराला भोक पडलं, दारावरचा निळा नंबर तेवढा राहिला. तरी तुमच्या बायांना दर फेरीला त्या घरापुढे थांबावं लागायचं. नियमच तसा. आधी साद घालायची, वाट बघायची, पुन्हा साद घालायची, आणि मगच लिहायचं की घर रिकामं आहे.

मी विचारलं, "आणि आतून कोणी ओ दिली तर?"

तू वांग्याच्या फोडी पाण्यात टाकत म्हणालीस, "तर लिहायचं बाबा. एक माणूस."

आपण दोघं हसलो. पण मी त्यानंतर बरेच दिवस तळघरात, तुमच्या त्या बेसमेंटमध्ये, एकटा उतरलो नाही. कारण तुझ्या कॅसेटी तिथे होत्या. तिकडच्या बायांचे आवाज. मी वॉशिंग मशीनमध्ये कपडे टाकायला गेलो की तू टेबलाशी, आणि घर तापवणारा तो फर्नेस श्वास घेतल्यासारखा सुरू व्हायचा, त्यात ती बाई बोलतेय, बोलतेय, मधेच थांबते. भाषा कळत नव्हती तरी माझे हात थांबायचे. एकदा आवाज एकदम खाली बसला. मी म्हटलं, "गेला बघ तो माणूस."

तू म्हणालीस, "नाही बाबा, आत्ता शेळी हरवलीय. माणूस अजून जेवतोय."

मी ओशाळलो नाही. म्हटलं, "इतक्या मेलेल्यांना घरात आणून ठेवू नये."

"हे मेलेल्यांचे आवाज नाहीत. जिवंत माणसांचे आहेत."

"बोलतायत कोणाबद्दल?"

तू टेप पुढे सोडलीस. आपला वाद तिथेच राहिला, तो राहिलाच. पुढे एकदा तू फिरवून मलाच पकडलंस. "तुमच्याकडे कोणी गेलं की बाया समाचाराला येतात ना? बसतात, पदर डोळ्याला लावतात आणि विचारतात, कसं झालं, शेवटी पाणी घेतलं का, कोणाचं नाव काढलं का? तेच तर आम्ही विचारतो."

मी म्हटलं, "ती आपली माणसं असतात. तू परक्या बाईला पाठवतेस. परक्याला काय म्हणून सांगायचं?"

"कधीकधी परक्यालाच सांगता येतं."

"मी नाही सांगणार. मेलो तरी नाही."

"तुम्ही मेलात तर तुम्हाला कोण विचारतंय, बाबा? मला विचारतील."

असं म्हणाली होतीस. उलटंच झालं.

तुझ्या सासूबाई गेल्या तेव्हा तू गावी आली होतीस. तेराव्यानंतर परसदारी माझ्याजवळ बसलीस आणि हळूच म्हणालीस, बाबा, आईंचं कसं झालं, सांगाल? मी म्हटलं, तुझं काम इथे आणू नकोस. तू उठली नाहीस. संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिलीस आणि मग म्हणालीस, बॅग भरा, तुम्ही आमच्याकडे चला. पुढे अर्ज, फोटो, सह्या, सगळं तू केलंस. दिवसभर इंग्रजी बोलून यायचीस आणि रात्री जेवताना माझ्याशी मराठीत भांडायचीस. माझं इथलं आयुष्य त्या भांडणावर चाललं. अवी बरा आहे, पण त्याच्याशी भांडता येत नाही. तो ऐकून घेतो.

तुझं दुखणं सगळ्यांना माहीत आहे, ते मी लिहीत नाही. तू घरीच राहायचं ठरवलंस, नर्स यायची, तेही सगळ्यांनी पाहिलं. तू गेलीस तेव्हा दुपार होती, बर्फ पडत होता, आणि त्या खोलीत तुझ्याजवळ मी होतो. अवी बाहेर ड्राइव्हवे शोव्हल करत होता, फावड्याने बर्फ काढत. भिंतीपलीकडे, हाकेच्या अंतरावर.

आणि मग शुभा, एक गोष्ट झाली जी मी आधी कधी पाहिली नव्हती. कोणी विचारलंच नाही. माणसं आली. मार्कहॅमहून, टोरांटोहून गाड्या करून आली, विंटर टायर्स लावून. डबे आणले, फ्रीज भरला, मला मिठी मारली. म्हणाले, सुटली. म्हणाले, टेक केअर. शेजारचा गोरा माणूस दारात टोपी काढून उभा राहिला, सॉरी म्हणाला आणि केक देऊन गेला. कोणी खाली बसून म्हटलं नाही की बाबा, कसं झालं. गावात असतो तर मी ते पन्नास वेळा सांगितलं असतं. सांगून सांगून त्याच्या कडा बोथट झाल्या असत्या. इथे ते माझ्या छातीत जसंच्या तसं राहिलं, नव्या पात्यासारखं.

अवीनेही विचारलं नाही. त्याने फावडं धरलं. बर्फ पडला की बाहेर, थांबला की बाहेर. एकदा मी खिडकीतून बघतो तर खाली बर्फाचा कण नाही, आणि हा उघडं काँक्रीट खरवडतोय. तो आवाज घरभर. मी दार उघडून म्हटलं, "अरे, आता जमीन काढतोस का?" तो थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, मी इथे हा आवाज करत होतो. ती हाक मारत असेल."

बस, एवढंच बोलला. त्यानंतर त्याने तुझ्या खोलीचं दार लावून घेतलं आणि तो खाली सोफ्यावर झोपायला लागला. वजन उतरलं. कामावर जायचा, यायचा. मी समजलो की माझा मुलगा त्या एका प्रश्नात बुडतोय आणि तो विचारणार नाही. आणि मी आपणहून सांगावं तर काय सांगावं? खरं सांगितलं तर एक काटा निघेल आणि दुसरा रुतेल. तू हाक मारली होतीस. ती त्याला नव्हती.

त्यानंतर एका मंगळवारी दुपारी, चार वाजता इथे अंधारून यायला लागतं तेव्हा, मी चहा टाकत होतो आणि बाहेरून साद आली.

तोच शब्द. शेवटचा सूर थोडा वर नेलेला, तू न्यायचीस तसा. एकदाच.

मी गॅसकडे बघत उभा राहिलो. चहा उतू गेला. दुसऱ्या हाकेची वाट बघितली. आली नाही. बऱ्याच वेळाने खिडकीशी गेलो. ड्राइव्हवेवर ताजा बर्फ होता, पांढरा, कोणी पाऊल न टाकलेला. रात्री अवीला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, जन्मभर गिरणीत उभे राहिलात, कान गेलेत तुमचे. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतो." मग जरा थांबून, "कुठल्या डॉक्टरची ते बघतो." मी समजलो. त्याला माझ्या कानांची काळजी नव्हती.

पुढच्या शनिवारी दुपारी अवी टेबलावर तुझे बँकेचे कागद लावत होता. मी समोर शेंगा सोलत होतो. बाहेरून साद आली.

अवीचा हात कागदावरच राहिला.

"बाबा."

"गप."

"बाबा, हे तुम्ही..."

"ऐकलं मी. थांब."

त्याचा चेहरा पिठासारखा झाला. तो उठायला लागला तसं मी त्याचं मनगट धरलं. पंचावन्न किलोचा म्हातारा मी, पण तो बसला. दुसऱ्यांदा साद आली. आवाज बाईचा, तोच वर नेलेला सूर. दाराच्या काचेवर सावली होती, हलत नव्हती. अवीच्या मनगटातली नाडी माझ्या बोटांत उडत होती. तिसऱ्यांदा आली. माझ्या नियमाने आता ओ द्यायची, शुभा. पण माझ्याकडून दिली गेली नाही. त्या मुलखाचा नियम असा की तीनदा झाल्यावर परत फिरायचं. सावली काचेवरून सरकली, आणि मग बर्फावर पावलं वाजली. करकर करकर, लांब जाणारी.

"पावलं वाजतात," मी म्हटलं. "माणूस आहे. पळ, परत चाललंय."

अवी मोज्यांवरच बर्फात धावला.

ती रेहेमा होती, तुझ्या तिकडच्या बायांपैकी एक. उंच, काळी, कोणाचं तरी उसनं जॅकेट, बाह्या आखूड. घरोघर जाऊन विचारायचं काम तू तिला शिकवलंस आणि दारात साद घालायचं तिने तुला शिकवलं, हे तिने आत आल्या आल्या सांगितलं. अवी मला मराठीत सांगत गेला. तुझं राहिलेलं काम पुरं करायला युनिव्हर्सिटीने तिला बोलावलं होतं. बेल दिसली होती, पण शुभाच्या घरी बेल कशी वाजवू, म्हणाली. अवीने विचारलं, कधी आलीस? म्हणाली, परवा. गुरुवारी. म्हणजे मंगळवारी ती कॅनडात नव्हती. अवीने माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांकडे. पुढे त्या अपॉइंटमेंटचं नाव त्याने काढलं नाही.

मी चहा केला. तिने कप दोन्ही हातांत धरला. मग माझ्याकडे बघून सावकाश काहीतरी म्हणाली. लांबलचक. अवी खाली बघत होता.

"काय म्हणते?"

"काही नाही. चहा छान झालाय म्हणते."

"चहाला एवढी वाक्यं लागत नाहीत."

तिने छातीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "बाबा." तुझ्याचकडून शिकली असणार. मग पुन्हा तेच बोलली. अवीला सांगावं लागलं. ती विचारायला आली होती. लिहून घ्यायला नाही, प्रोजेक्टसाठी नाही. तुम्ही सगळ्या बायांनी मिळून ठरवलं होतं म्हणे, इतक्या घरांत जाऊन आपण विचारतो, तर आपल्यातली कोणी गेली तर तिच्याही घरी कोणीतरी जायचं. कोणाचंही मरण न विचारलेलं राहू द्यायचं नाही.

"मी तिला नाही म्हणून सांगतो, बाबा," अवी म्हणाला. "तुम्हाला त्रास नको."

"तिने काय विचारलं तेवढं सांग."

"शुभाजवळ कोण होतं, विचारते."

परक्या बाईला सांगणार नाही, मेलो तरी नाही, असं मी तुला म्हटलं होतं. मी सहसा शब्द फिरवत नाही. पण बघ, तिला मराठी येत नाही आणि मला इंग्रजी येत नाही. मी जे बोलेन ते आधी अवीच्या कानात जाणार आणि मग अवीच्या तोंडून बाहेर येणार. दुसरा रस्ताच नव्हता. तू पाठवलीस का तिला? असली युक्ती तुलाच सुचते.

मी म्हटलं, "सांगतो. पण तू सगळं सांगायचं. गाळायचं नाही."

"मला नाही जमणार बाबा."

"मग ती परत जाईल. आणि तू बाहेर जाऊन जमीन खरवड."

रेहेमाने कप खाली ठेवला. आणि मी सांगितलं.

सकाळपासून बर्फ पडत होता. नर्स येऊन गेली, संध्याकाळी पुन्हा येणार होती. तू अवीला म्हणालीस, जा, शोव्हल करून ये, तिची गाडी अडकेल. तो जात नव्हता, तू डोळ्यांनीच हाकललंस. तो गेला. भिंतीपलीकडे फावड्याचा आवाज सुरू झाला तसा तुझा चेहरा सैल पडला. हे मी मुद्दाम सांगितलं, कारण ते तसंच झालं. तू तो आवाज ऐकत होतीस. तो थांबला की तुझी भुवई हलायची, सुरू झाला की खाली यायची. अवीने हे इंग्रजीत सांगितलं आणि मधे पाणी प्यायला.

मग तुझा श्वास लांबत गेला. एक आला की दुसऱ्याची वाट बघायची. तू डोळे उघडलेस. माझ्याकडे नाही, समोरच्या भिंतीकडे, जिथे नुसतं कपाट आहे. तू अशी बघत होतीस जसं तिथे अंगण आहे आणि अंगणापलीकडे घर. आणि तू साद घातलीस. खणखणीत. दोन आठवड्यांत तुझ्या गळ्यातून तसा आवाज निघाला नव्हता. बॅगा खाली ठेवून ड्राइव्हवेवरून घालायचीस, तसा.

अवी थांबला. त्याने हे रेहेमाला सांगितलं नाही. माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "कोणाला?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं.

"तुला नाही," मी म्हटलं. "मलाही नाही. ती कोणाच्या तरी दारात उभी होती. आत यायचं का, म्हणून विचारत होती. आता हे तिला सांग."

त्याने सांगितलं. इंग्रजीत ते फार थोडक्यात झालं. रेहेमाने डोळे मिटले, आणि मिटूनच विचारलं, आतून कोणी उत्तर दिलं का?

मी म्हटलं, मी दिलं. मी माझा नियम मोडला. पहिल्याच हाकेला मी म्हटलं, करिबू. मला माहीत नाही मी कोणाच्या वतीने म्हटलं. त्या घरात कोण होतं तेही माहीत नाही. रिकामं होतं की भरलेलं. ते घर कसलं हेही मी बघितलेलं नाही. पण तुला तीनदा हाक मारण्याइतका श्वास नव्हता, आणि आतून कोणी बोललं नाही तर तू परत फिरली असतीस, परत फिरून जायचं कुठे? म्हणून मी म्हटलं. तू ऐकलंस. तुझ्या कपाळावरची आठी गेली. पुढचा श्वास आला नाही. बाहेर फावडं चालूच होतं.

अवीने हे शेवटपर्यंत सांगितलं. आवाज दोनदा फाटला, पण सांगितलं. रेहेमा जे म्हणाली ते अवीने मला सांगितलं: "मग ती बाहेर उभी राहिली नाही."

मंगळवारच्या हाकेचं मी तिला सांगितलं नाही. तुलाच विचारतो, ती तू होतीस का? असलीस तर एकदाच का मारलीस? मी दुसरीसाठी थांबलो होतो. त्यानंतर मी चार वाजता स्वयंपाकघरात असतो. अजून काही ऐकू आलेलं नाही.

मग रेहेमाने विचारलं, ताप होता का, धाप होती का, शेवटी पाणी घेतलं का. सगळे तुझेच प्रश्न. अवीच उत्तरं देत गेला, मला विचारून विचारून. त्याला कितीतरी माहीतच होतं, माझ्यापेक्षा जास्त. सगळं झाल्यावर ती म्हणाली, शेवटी घरच्यांनी विचारायचं असतं. शुभाने लावलेला नियम आहे. तुम्हाला काही विचारायचंय?

दिवा लावायची वेळ झाली होती, पण कोणी उठलं नाही. मग अवी माझ्याकडे वळला, जसं काही ती बाई तिथे नाहीच.

"बाबा, तिचे पाय गार पडले होते का? तिला पाय गार पडलेले सहन व्हायचे नाहीत."

शुभा, हे मी कोणाला सांगणार नव्हतो. सासऱ्याने सुनेचं काय करावं आणि काय करू नये हे मला माहीत आहे, आणि माझ्या माणसांत माझी मान आजवर खाली गेलेली नाही. मी म्हटलं, "नव्हते पडले. अंथरुणाच्या पायथ्याशी बसून मी दोन्ही हातांत धरून ठेवले होते. आधी तिने ओढून घेतले. म्हणाली, बाबा, हे काय करता, मला पाप लागेल. मी म्हटलं, लागू दे, आपण दोघं भांडून बघून घेऊ. मग तिने दिले. शेवटपर्यंत ऊन होते. तू आत आलास तेव्हाही."

अवीने तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले. रेहेमाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, बाबा काय म्हणाले असंच विचारलं असणार.

अवीने मान हलवली. एवढं त्याने तिला सांगितलं नाही. मीही सांग म्हटलं नाही.